बाळगायची, पण काढायची नाही : ‘डिअर वेंडी’चा प्रकरण अभ्यास

काम एवढंच होतं. क्लॅराबेल नावाच्या एका म्हाताऱ्या बाईला घरातून निघून चौकापलीकडच्या नातलगाकडे जायचं होतं, सोबत कॉफीचं पाकीट घेऊन. वर्षातून एकदा ती जाते. यंदा तिला चौकाची भीती वाटते, कारण गावात गुंडांच्या टोळ्या आहेत असं तिच्या मनाने घेतलंय. म्हणून सहा पोरं तिच्यासोबत निघतात. चौकाचा नकाशा काढलेला, कोण कुठे उभं राहील ते ठरलेलं, कोणी कधी खूण करायची तेही ठरलेलं. प्रत्येकाच्या अंगावर लपवलेलं हत्यार, आणि ते काढायचं नाही अशी प्रत्येकाने घेतलेली शपथ. एवढी तयारी करून निघालेल्या या फेरीचा शेवट पोलिसांच्या गोळीबारात होतो आणि टोळीतली पोरं एकामागून एक पडतात.

२००५ सालच्या ‘डिअर वेंडी’ची ही अखेर. पटकथा लार्स फॉन ट्रिअरची, दिग्दर्शन थॉमस विंटरबर्गचं. दोघेही डेन्मार्कचे. गोष्ट मात्र अमेरिकेतल्या एस्टरस्लोप नावाच्या काल्पनिक खाणगावातली, भाषा इंग्रजी, आणि चित्रीकरण युरोपात. जानेवारी २००५ मध्ये सनडान्स महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि त्याच वर्षी मॉस्कोच्या महोत्सवात विंटरबर्गला उत्कृष्ट दिग्दर्शकाचं पारितोषिक मिळालं. अमेरिकेतल्या बऱ्याच समीक्षकांना मात्र तो पचला नाही. त्यांचे काही आक्षेप खरे आहेत, ते पुढे येतीलच. पण ‘बंदूकवेडी बहिष्कृत पोरं’ या विषयावरच्या चित्रपटांत एक गोष्ट याच्याइतकी नेमकी दुसऱ्या कोणी मांडलेली आठवत नाही : हत्याराला आवर घालण्यासाठी केलेले नियमच हत्याराची ओढ कशी वाढवतात. हे प्रकरण तेवढ्यासाठी उलगडून बघायचं.

वस्तू आधी, वेड नंतर

डिक हा खाणकामगाराचा मुलगा. गावात पुरुष म्हणजे खाणीत उतरणारा माणूस, आणि याला तर खाण झेपतच नाही. मग किराणा दुकानात नोकरी. ही भूमिका जेमी बेलची. ‘बिली एलियट’मध्ये (२०००) खाणकामगाराच्या घरात जन्मून नाच शिकणारा पोरगा त्यानेच केला होता. पाच वर्षांनी तोच चेहरा पुन्हा खाणगावात दिसतो, पण इथे त्याला नाचाच्या शाळेची वाट दाखवणारं कोणी नाही. आधीचा चित्रपट पाहिलेल्या प्रेक्षकाला डिकचं एकटेपण वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पिस्तूल त्याच्या हातात येतं तेही खेळणं म्हणून. डिकला लहानपणापासून सांभाळलं ते घरकाम करणाऱ्या क्लॅराबेलने. तिच्या नातवाच्या, सेबॅस्टियनच्या वाढदिवसाला याला जायचंच नसतं, तरी भेट घ्यावी लागते. दुकानातून तो एक छोटंसं, शिंपल्याची मूठ असलेलं पिस्तूल घेतो. पण त्या मुलाला ते देववत नाही, त्याऐवजी पुस्तक देतो, आणि पिस्तूल खणात पडून राहतं. पुढे दुकानातला सहकारी स्टीव्ही ते पाहतो. हा हत्यारांचा जाणकार, अबोल पोरगा. तो सांगतो की हे खेळणं नाही, खरं आहे.

या क्रमाकडे पटकथा लिहिणाऱ्यांनी बारकाईने बघावं. नेहमीच्या गोष्टीत आधी राग दिसतो, मग सूड ठरतो आणि मग बंदूक येते. त्यामुळे बंदूक येईपर्यंत प्रेक्षकाला पुढचं सगळं ठाऊक झालेलं असतं. इथे वस्तू आधीच खिशात आहे, कारण मात्र अजून नाही. ते पोरं मागाहून शोधतात. आणि शोधलेलं कारण वाईट नसतंच. खिशात वजन असलं की पाठ ताठ राहते, समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येतो, दुकानात गिऱ्हाईकाने आवाज चढवला तरी हात थरथरत नाहीत. डिक आणि स्टीव्ही स्वतःला शांततावादी म्हणवतात आणि ते खोटं बोलत नाहीत. हत्यार त्यांना मनाच्या आधारासाठी हवं असतं.

त्या पिस्तुलाचं नाव वेंडी. अख्खा चित्रपट म्हणजे डिकने वेंडीला लिहिलेलं पत्र, त्याच्याच आवाजात वाचलेलं. शस्त्राला नाव देणं आपल्याला परकं नाही. भवानी तलवारीचं नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं आणि खंडेनवमीला घराघरांत हत्यारांची, अवजारांची पूजा होते. पण ती पूजा चारचौघांत होते, वर्षातून एकदा. डिकचं नातं गुप्त आणि रोजचं आहे, देवघरापेक्षा प्रेमपत्राच्या जवळ जाणारं.

इथे मराठी उपशीर्षकं करणाऱ्याची खरी अडचण होते. इंग्रजीत निर्जीव वस्तूचं सर्वनाम वेगळं आणि बाईचं वेगळं. डिक एकावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा ते नुसत्या कानानेही कळतं. मराठीत बंदूक आधीच ‘ती’ आहे. पहिल्या दृश्यापासून ‘बंदूक’ लिहिलं तर ही पायरी पुसली जाईल. तेव्हा सुरुवातीला ‘पिस्तूल’ लिहावं, ‘ते’ म्हणावं, आणि नाव पडल्याच्या क्षणापासून ‘ती’ आणि ‘तू’ सुरू करावं. पत्रात ‘आपण’ मुळीच नको, आणि मायना ‘प्रिय वेंडी’ एवढाच. एका सर्वनामाच्या बदलात चित्रपटाचा अर्धा पूर्वार्ध आहे.

डँडींची नियमावली

मग माणसं जमतात. डिक आणि स्टीव्ही असतातच, त्यांना सुसान येऊन मिळते. पायाला पट्ट्या लावून चालणारा ह्यूई येतो आणि मार खायची सवय झालेला त्याचा धाकटा भाऊ फ्रेडी. ही पोरं स्वतःला डँडी, म्हणजे छानछोकीने राहणारे, म्हणवतात. जुन्या बंद खाणीतल्या जागेला ‘मंदिर’ म्हणतात. जुन्या काळचे नटवे कपडे घालतात. प्रत्येकाचं हत्यार वेगळं आणि त्याला स्वतंत्र नाव. सुसानकडे दोन आहेत, ली आणि ग्रँट, म्हणजे अमेरिकन यादवी युद्धातले समोरासमोरचे दोन सेनापती. पोरगी दोन्ही बाजू अंगावर वागवते. संगीताला झॉम्बीज या इंग्लिश बँडची साठच्या दशकातली गाणी, जोडीला बेंजामिन वॉलफिशचं पार्श्वसंगीत. अमेरिकन खाणगावात चाळीस वर्षं जुना इंग्रजी पॉप वाजतो आणि ही पोरं आपल्या काळात राहतच नाहीत हे कळून चुकतं.

मुख्य नियम साधा : हत्यार बाळगायचं, बाहेरच्या जगात कधी काढायचं नाही. दुसरा नियम भाषेचा. ‘ठार मारणं’ हा शब्द मंदिरात वर्ज्य, त्याऐवजी ‘प्रेम करणं’ म्हणायचं. तिसरी गोष्ट अभ्यासाची. नेमबाजी, हत्यारांचा इतिहास, गोळी शरीरात शिरते कुठून आणि बाहेर पडते कुठून, जखम कशी दिसते, हे सगळं पुस्तकं उघडून, आकृत्या बघून, शाळेत कधी केला नसेल इतक्या निष्ठेने ही पोरं शिकतात.

हे सगळं मिळून पोरांचं भलं होतं, हे चित्रपट मनापासून दाखवतो. ह्यूईची चाल बदलते. फ्रेडी मान वर करून चालतो. ज्यांना कोणी जवळ केलं नाही त्यांना आता जागा आहे, पोशाख आहे, भाषा आहे, एकमेकांची कदर आहे. प्रेक्षकाला ही पोरं आवडू लागतात, आणि आवडायलाच हवीत. हा भाग उरकला असता तर शेवट नुसता फटाक्यांचा झाला असता.

बिघाड कुठे आहे ते बघायचं तर एकेका नियमाला विचारावं की हा मोडला तर काय होईल. ‘काढायचं नाही’ या नियमाने हत्याराला रोजच्या जगातून उचलून पवित्र केलं. आता ते काढण्याचा क्षण हा आयुष्यातला सर्वात मोठा क्षण झाला, आणि मोठ्या क्षणाची माणूस वाट पाहू लागतो. वर्ज्य शब्दाने तर याहून वाईट केलं. मारण्याला ‘प्रेम’ म्हटल्यावर मारण्याची भीती गेली आणि प्रेमाला एकच शेवट उरला. अभ्यासाने जखमेची किळस काढून घेतली. नियम तिन्ही संयमाचे, पण ते मिळून पोरांना एकाच दिशेला ढकलतात. नियम मोडला तर काय करायचं, याचा नियम मात्र कोणीच केलेला नाही. हत्यार चुकून दिसलं तर? मंदिराबाहेरचं मोठं माणूस मध्ये पडलं तर? कोणी घाबरलं तर? नियमावलीतली ही रिकामी पानं हीच या प्रकरणातली खरी चूक आहे.

सेबॅस्टियन

या कोऱ्या पानावर पहिला ओरखडा उठवतो सेबॅस्टियन. क्लॅराबेलचा तोच नातू आता मोठा झालाय आणि त्याने खरोखर गोळी चालवलेली आहे. शेरीफ क्रग्जबी (बिल पुलमन) त्याच्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी डिकवर टाकतो, कारण शेरीफच्या नजरेत डिक हा गावातला सर्वात साधा, भरवशाचा पोरगा. सेबॅस्टियन मंदिरात येतो आणि इतके दिवस मंत्र म्हणून जपलेली गोष्ट त्याच्या हातात सहज अवजारासारखी दिसते. त्याला नावाची गरज नाही, पोशाखाची नाही. तो वेंडीला हातात घेतो आणि डिकला मत्सर वाटतो, अगदी माणसाबद्दल वाटावा तसा. टोळी उद्ध्वस्त व्हायला इथून सुरुवात होते, एकही गोळी न सुटता.

हीच चित्रपटाची सर्वात उणी बाजूसुद्धा. गोष्टीत महत्त्वाच्या कृष्णवर्णीय व्यक्ती दोनच, आजी आणि नातू. एकाबरोबर खऱ्या हिंसेचा इतिहास येतो आणि दुसरीच्या भीतीतून शेवटची ठिणगी पडते. चौकात एक पोलीस मदतीला म्हणून पुढे येतो, क्लॅराबेल बिथरते आणि पिशवीतली बंदूक तिच्या हातून चालते. गोऱ्या पोरांचं निरागस स्वप्न आणि कृष्णवर्णीय माणसांनी आणलेलं वास्तव, अशी ही मांडणी अमेरिकेच्या इतिहासाकडे पाठ फिरवून केलेली आहे. क्लॅराबेलची भीती कुठून आली हे चित्रपट विचारतच नाही. ती नुसती कथानकाची कळ म्हणून वापरली जाते. फॉन ट्रिअरने अमेरिकेत कधी पाऊल ठेवलेलं नाही, विमानप्रवासाची त्याची धास्ती जगजाहीर आहे. ‘डॉगव्हिल’मध्ये (२००३) त्याने अमेरिकन गाव जमिनीवर खडूच्या रेघांनी आखलं, तिथे ती दुरून केलेली कल्पना उघड होती म्हणून चालून गेली. ‘डिअर वेंडी’त भिंती, दुकानं, चौक खरे दिसतात, त्यामुळे प्रेक्षक खऱ्या अमेरिकेचा हिशेब मागतो, आणि तो मागणं रास्त आहे.

सहावी अट

हा चित्रपट समजायला १९९५ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी मार्च महिन्यात फॉन ट्रिअर आणि विंटरबर्ग यांनी चित्रपट कसा करायचा याचा ‘डॉग्मे ९५’ नावाचा जाहीरनामा काढला. दहा अटी होत्या. चित्रीकरण प्रत्यक्ष जागेवरच, बाहेरून सामान आणायचं नाही. संगीत वेगळं लावायचं नाही. कॅमेरा हातातच. जादा प्रकाशयोजना नको. गोष्ट इथली आणि आताची. ठरावीक साच्यातले चित्रपट नकोत. दिग्दर्शकाचं नाव नको. आणि सहावी अट : वरवरची मारामारी नको, खून, हत्यारं असलं काही घडता कामा नये. विंटरबर्गचा ‘फेस्टन’ (१९९८) हा या अटींखाली केलेला पहिला चित्रपट. त्या वेळी त्याने अटी कुठे मोडल्या त्याची जाहीर कबुलीही दिली. एका दृश्यात खिडकीवर काळा पडदा टाकला होता आणि ती प्रकाशयोजनाच झाली, असं त्याने लिहून दिलं.

खिडकीवरच्या पडद्याची कबुली देणारा हाच माणूस सात वर्षांनी हत्यारांचीच गोष्ट करतो. गाव कल्पनेतलं, देश दुसरा, गाणी वरून लावलेली, पडद्यावर नकाशे आणि आकृत्या, आणि शेवट सरळ वेस्टर्नच्या साच्यातला. दहापैकी बहुतेक अटी एकाच चित्रपटात मोडल्या. पण त्याहून महत्त्वाचं हे की डँडींचा पंथ डॉग्मेसारखाच दिसतो. मोजकी माणसं, शपथ, वर्ज्य गोष्टींची यादी, आपण बाहेरच्यांपेक्षा शुद्ध आहोत ही धुंदी. असा पंथ आतून कसा वाटतो हे या दोघांना ऐकीव नव्हतं. मंदिरातली दृश्यं इतकी जिवंत आहेत ती त्यामुळे, आणि चौकातला गोळीबार त्यांच्यापुढे फिका पडतो तोही त्यामुळेच.

विंटरबर्गचा हा विषय पुढेही सुटला नाही. ‘अनदर राउंड’मध्ये (२०२०, पुढच्या वर्षी ऑस्कर) चार शिक्षक रक्तात दारूचं प्रमाण ०.०५ टक्के राखायचं ठरवतात, तेही अभ्यास म्हणून, टिपणं ठेवून. सुरुवातीला त्यांचंही भलंच होतं. दोन्ही चित्रपट लागोपाठ दोन संध्याकाळी पाहिले तर एकाच आराखड्यावर दोन घरं बांधलेली दिसतात, आणि दुसऱ्याचा पाया जास्त पक्का आहे. दारू त्या माणसांच्या रोजच्या जगण्यातली गोष्ट, लेखक-दिग्दर्शकाच्याही. पिस्तूल मात्र लांबून बघितलेलं. छायाचित्रणकार अँथनी डॉड मँटल हा ‘फेस्टन’ आणि ‘डिअर वेंडी’ या दोन्हींचा. मुंबईच्या गल्ल्यांत छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांनी ‘स्लमडॉग मिलिअनेअर’ टिपून ऑस्कर मिळवणारा तो हाच. अरुंद जागेत माणसाच्या अंगाशी कॅमेरा नेण्याची त्याची सवय मंदिरातल्या दृश्यांत कामी येते.

‘बहिष्कृत पोरं’ या शब्दांविषयीही थोडं. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला. लांब काळे कोट घालणाऱ्या, वाळीत टाकलेल्या पोरांची टोळी असं चित्र तेव्हा माध्यमांनी रंगवलं. पुढच्या तपासात ते टिकलं नाही. त्या दोघांना मित्र होते आणि ते त्या कोटवाल्या गटातले नव्हते. पण एकटा पोरगा, विचित्र कपडे आणि बंदूक हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. ‘डिअर वेंडी’ त्या समीकरणातले सगळे घटक मुद्दाम घेतो आणि उत्तर वेगळं काढतो. इथली वेगळ्या कपड्यांतली पोरं कोणाचा सूड घेत नाहीत, शाळेत शिरत नाहीत, म्हाताऱ्या बाईला सोबत करायला निघतात.

सेटवरचे नियम

या विषयावर छोटी फिल्म करायचा विचार असणाऱ्यांसाठी आणखी एक बाजू. पडद्यावर हत्यार दिसतं तेव्हा सेटवरही काहीतरी असतं, आणि ते काय आहे हे सेटवरच्या प्रत्येकाला माहीत असावं लागतं.

तीन गोष्टींची गल्लत जिवावर बेतते. खरं काडतूस. ब्लँक, म्हणजे कवच, प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) आणि दारू असलेलं, पण पुढे गोळी नसलेलं काडतूस. आणि डमी, म्हणजे दिसायला खरं, पण आत दारूही नाही आणि चालू प्रायमरही नाही. डमी लागते कारण रिव्हॉल्व्हर समोरून दाखवलं की सिलिंडरच्या घरांत गोळ्यांची टोकं दिसावी लागतात. ब्लँक निरुपद्रवी असतं हा सर्वात जुना गैरसमज. जवळून सुटलं तर गरम वायू आणि दारू दाबून ठेवणारं बुच यांचा मार जीव घेऊ शकतो. १९८४ मध्ये अभिनेता जॉन-एरिक हेक्सम ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या कानशिलाला लावून असाच गेला. मार्च १९९३ मध्ये ‘द क्रो’च्या सेटवर ब्रँडन ली गेला तो सदोष डमीमुळे. तिच्यातली गोळी आधीच नळीत अडकून राहिली होती, पुढच्या दृश्यासाठी ब्लँक भरलं गेलं आणि त्याच्या जोराने ती गोळी बाहेर पडली. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘रस्ट’च्या सेटवर छायाचित्रणकार हलिना हचिन्स गेली, कारण डमी समजून खरं काडतूस भरलेलं होतं.

म्हणून क्रम ठरलेला असतो. खरं काडतूस सेटच्या आवारातच येऊ द्यायचं नाही. हत्यार एकाच माणसाच्या ताब्यात, कुलपात. दृश्यापूर्वी त्याने ते सहायक दिग्दर्शक आणि नट यांच्यासमोर उघडायचं, नळीतून उजेड आरपार दिसतोय ना ते पाहायचं, डमी एकेक काढून तपासायची, मोजायची, आणि हत्यार रिकामं की भरलेलं हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. नेम सहकलाकाराच्या अंगावर धरायचाच नाही. बाजूला धरायचा, लांब लेन्स लावली की तो समोरच रोखलाय असं दिसतं. कमी पैशांच्या फिल्मने ब्लँकच्या वाटेला जाऊच नये. रबराची किंवा लाकडाची प्रतिकृती घ्यावी, धूर आणि ठिणगी संगणकावर घालावी आणि आवाज ध्वनिमुद्रणात. धक्का तेवढा नटाने द्यायचा, खांद्यातून नाही तर मनगटातून. तालमीत हे नाही जमलं तर पडद्यावर लगेच खोटं दिसतं.

बाहेर चित्रीकरण असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवणं आणि आसपासच्या घरांत सांगून ठेवणं पहिल्या दिवसाच्या आधी झालं पाहिजे. प्रतिकृती दुरून प्रतिकृती दिसत नाही, आणि एस्टरस्लोपच्या चौकात जी घाबरगुंडी उडते ती कुठल्याही चौकात उडू शकते.

ही पद्धत डँडींच्या नियमावलीशेजारी ठेवून पाहावी. डँडींचा नियम हत्यार झाकायला सांगतो, सेटवरचा नियम ते सगळ्यांदेखत उघडायला. डँडी त्याला नाव देतात, सेटवर त्याला क्रमांक असतो. डँडी शपथेवर विसंबतात, तर सेटवरची पद्धत प्रत्येक माणूस कधीतरी विसरणारच असं धरून चालते आणि म्हणून एकच तपासणी तिघांकडून करून घेते. दृश्य संपलं की हत्यार नटाच्या हातात एक मिनिटही जास्त राहत नाही. डमी पुन्हा मोजल्या जातात, आकडा सकाळच्या आकड्याशी जुळला की वहीत सही होते आणि पेटीला कुलूप लागतं.